अंदाजपत्रकात न मोजलेली वाट

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर. १७,०४८ चौरस किलोमीटरचा विस्तार आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाख ४३ हजार लोक. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात याच जिल्ह्यात, लोणीला झाली. तिच्या मागोमाग कालव्याच्या पट्ट्यात रस्ते आले, बँका आल्या, महाविद्यालये आणि रुग्णालये आली. राज्याच्या कुठल्याही तक्त्यात हा जिल्हा मागास म्हणून उठून दिसत नाही. मात्र याच जिल्ह्याच्या वायव्य टोकाला सह्याद्रीच्या कुशीत अकोले तालुका आहे. क्षेत्रफळ दीड हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, वस्ती तीन लाखांच्या जवळ, आणि त्यातली जवळपास निम्मी महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांची. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या पायथ्याच्या वाड्यांवर पोचायचे तर जिल्ह्याच्या ठिकाणाहून भंडारदऱ्यापर्यंतच दीडशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. नाशिक त्याच्या निम्म्या अंतरावर आहे. अशा भागाकडे सरकार पैसाच वळवत नाही ही नेहमीची तक्रार मला अर्धीच खरी वाटते. पैसा येतो. पण तो माणसे मोजून येतो, आणि दुर्गम भागात खर्च वाढवणारी गोष्ट असते अंतर, चढ आणि पाऊस. या तिन्हींना अंदाजपत्रकात फारसे स्थान नाही. खर्चाचे आकडे भरलेले असूनही सेवा का पोचत नाही, याचे मोठे कारण मोजमापाच्या या पद्धतीत आहे.

प्रादेशिक असमतोलाची महाराष्ट्रातली पहिली व्यवस्थित मोजणी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने १९८४ साली केली. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, प्रत्येक जिल्हा तिच्या किती खाली आहे ते पाहायचे आणि त्या तुटीला अनुशेष म्हणायचे, अशी ती पद्धत. राज्यभराचा अनुशेष त्या वेळी ३,१८६ कोटी रुपयांहून थोडा अधिक निघाला. या कामाचे मोल मोठे आहे. अन्यायाची भावना आकड्यात मांडता येते, हे या समितीने दाखवून दिले. पुढे १९९४ मध्ये घटनेच्या ३७१(२) कलमाखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, त्यामागेही हाच विचार होता. पण मोजणीचे एकक जिल्हा हेच राहिले, आणि नगरसारख्या जिल्ह्यात ते फसवे ठरते. राहाता, श्रीरामपूर, राहुरी यांचे कालवे आणि अकोल्यातल्या घाटघर, रतनवाडीच्या पायवाटा एकाच बेरजेत गेल्या की त्यातून निघणारी सरासरी दोन्ही ठिकाणांबद्दल चुकीचे सांगते. जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे त्यांच्या गैरसोयीने जिल्ह्याचा निर्देशांक फारसा हलत नाही. जिल्ह्याचे विभाजन करा ही मागणी जुनी आहे आणि तिला प्रशासकीय आधारही आहे. मात्र नवा जिल्हा संगमनेरला झाला काय किंवा श्रीरामपूरला झाला काय, सरासरीत कालव्याचा पट्टा आणि डोंगर एकत्रच राहणार असतील, तर दोष कायम राहील.

खर्च कुठे झाला आणि कोणासाठी झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अकोल्याइतके हे ठळकपणे दाखवणारे उदाहरण राज्यात थोडेच सापडेल. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण ब्रिटिश सरकारने १९२६ साली पुरे केले. त्याची साठवण ११ हजार दशलक्ष घनफुटांच्या (अकरा टीएमसीच्या) घरात. दुष्काळी पट्ट्याला पाणी देण्यासाठी उभारलेले हे धरण पुढे जिल्ह्याच्या साखर अर्थव्यवस्थेचा पाया ठरले. प्रवरा कालव्यांखालची ऊसशेती, तिच्यावर उभे राहिलेले कारखाने आणि कारखान्यांभोवतीच्या शिक्षणसंस्था यांची सुरुवात इथून होते. नंतर त्याच नदीवर निळवंडे धरण आले. १९७० च्या सुमारास म्हाळादेवी येथे धरण बांधायचे ठरले तेव्हा त्याचा अंदाजित खर्च सुमारे आठ कोटी होता. जागा बदलली, दशके गेली, आणि २६ ऑक्टोबर २०२३ रोजी ८५ किलोमीटरच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले तेव्हा प्रकल्पाचा खर्च ५,१७७ कोटींवर पोचलेला होता. नगरमधल्या सहा आणि नाशिकमधल्या एका तालुक्यातल्या १८२ गावांना त्याचा लाभ व्हायचा आहे. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. घाटमाथ्यावरचे पाणी कोकणात सोडून तो राज्याच्या ग्रीडला ऐन मागणीच्या वेळची वीज पुरवतो. या प्रत्येक कामाचा पैसा डोंगरी तालुक्यात खर्च झाला. नकाशावर टिंबे टाकली तर अकोले हा राज्यातला भरपूर सरकारी गुंतवणूक झालेला तालुका दिसेल.

पाणी मात्र उताराने खाली जाते. अकोल्याच्या पूर्व भागातल्या काही गावांना निळवंड्याचा लाभ आहे. पाणलोटातल्या वाड्या मात्र धरणाच्या वरच्या अंगाला आहेत. तिथे जमीन बुडाली, आणि कालवा सुरू झाला तो धरणाच्या खाली. घाटघर परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत पडतो त्याच्या कितीतरी पट. तरी उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्यांवर पिण्याच्या पाण्याची ओढाताण होते. पाषाणात पाणी मुरत नाही, आणि साठवलेले पाणी दुसऱ्यांसाठी राखलेले असते. धरणे बांधू नयेत, असे मी म्हणत नाही. दुष्काळी नगरला भंडारदऱ्याने तारले हे निर्विवाद आहे. माझे म्हणणे हिशेबापुरते आहे. दुर्गम भागात झालेला खर्च आणि दुर्गम भागासाठी झालेला खर्च एकाच रकान्यात मांडले, तर अकोल्यावर झालेला खर्च प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठा दिसतो, आणि इतके देऊनही हे लोक मागेच कसे राहिले, असा अन्यायकारक प्रश्न विचारला जातो.

आदिवासी भागासाठी वेगळा पैसा राखण्याची व्यवस्था अर्थातच आहे. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात आदिवासी उपयोजना आली. सुरुवातीला तिचा बराचसा भाग कागदावरच होता. प्रत्येक खाते आपल्या सर्वसाधारण कामांतला काही हिस्सा आदिवासींच्या नावे दाखवून मोकळे होई. माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या समितीने यावर बोट ठेवले. आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने नऊ टक्के योजनानिधी आधीच बाजूला काढावा आणि तो आदिवासी विकास विभागाच्या हाती द्यावा, अशी शिफारस तिने केली. १९९३-९४ पासून महाराष्ट्राने ती अमलात आणली आणि पुढे हा महाराष्ट्राचा नमुना म्हणून देशभर ओळखला गेला. अकोल्यात राजूरचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय याच रचनेचा भाग आहे. आश्रमशाळा, वसतिगृहे, जोडरस्ते, विहिरी यांतले बरेच काम या पैशातून उभे राहिले. तरी या सूत्राच्या पोटात एक मर्यादा आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी म्हणजे दरडोई समान निधी. सपाटीवरच्या माणसाइतकाच पैसा डोंगरातल्या माणसाला मिळाला की न्याय झाला, असे ते गृहीत धरते. डोंगरात तीच शाळा, तोच रस्ता, तीच परिचारिका महाग पडते, म्हणून समान पैशात तिथे कमी सेवा उभी राहते. शिवाय डोकी मोजण्याच्या या हिशेबात रोख मदतही आरामात बसते. २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाच्या तरतुदीतून सुमारे ३३५ कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा ही रक्कम आदिवासी महिलांनाच मिळणार आहे असे समर्थन करण्यात आले. घरात आलेल्या पैशाचे मोल त्या बाईलाच विचारावे, मी ते कमी लेखणार नाही. पण ही रक्कम राज्यातल्या प्रत्येक पात्र स्त्रीला मिळतेच. आदिवासी स्त्रीला ती वेगळ्या राखीव निधीतून दिली, तर आरोग्य उपकेंद्र आणि रस्ता यांसाठी ठेवलेला पैसा तेवढा कमी होतो.

अंतर मोजता येत नाही, ही सबब टिकणारी नाही. केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना देताना पंधराव्या वित्त आयोगाने (२०२१-२६) क्षेत्रफळाला १५ टक्के आणि वन व पर्यावरणाला १० टक्के भार दिला होता. विस्तार मोठा असला की प्रशासनाचा खर्च वाढतो, आणि जंगल राखणाऱ्या प्रदेशाला उत्पन्नाची काही साधने सोडावी लागतात, हे त्यात मान्य केलेले आहे. म्हणजे दिल्लीहून निघताना पैशाला जमीन दिसते. त्याच आयोगाचे अनुदान राज्यातून ग्रामपंचायतींकडे जाताना मात्र वाटपाचे सूत्र लोकसंख्या ९० टक्के आणि क्षेत्रफळ १० टक्के असे होते, आणि जंगल त्यातून गळते. सात-आठ वाड्या, मधे ओढे आणि दोन डोंगरधारा असलेल्या ग्रामपंचायतीला आणि एकाच गावठाणात वसलेल्या बागायती ग्रामपंचायतीला माणसे सारखी असतील, तर पैसेही जवळपास सारखेच मिळतात. पहिलीला मात्र पाण्याच्या सात-आठ योजना चालवायच्या असतात, दुसरीला एकच. कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून या भागात आहे. त्याच्या निर्बंधांमुळे इथे काय करता येत नाही याची यादी मोठी आहे, आणि त्याबद्दल ग्रामपंचायतीच्या अनुदानात एक पैचीही भर पडत नाही.

सेवांचे निकषही याच साच्यातले आहेत. आरोग्य उपकेंद्रासाठी सपाट भागात पाच हजार लोकसंख्या लागते, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजार. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच प्रमाण तीस हजार आणि वीस हजार. ही सवलत आहे आणि ती विचारपूर्वक दिलेली आहे. पण तिचे गणित करून पाहावे. समजा, बागायती पट्ट्यात चौरस किलोमीटरमागे पाचशे लोक राहतात आणि घाटमाथ्याजवळ शंभर. मग पाच हजारांचे उपकेंद्र दहा चौरस किलोमीटर सांभाळेल आणि सवलत मिळालेले तीन हजारांचे उपकेंद्र तीस. सवलतीनंतरही डोंगरातल्या परिचारिकेच्या वाट्याला तिप्पट प्रदेश येतो, तोही चढउताराचा आणि चार महिने पावसाखालचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाटीवर पाचशे लोकवस्तीची आणि अनुसूचित क्षेत्रात अडीचशेची अट आहे. तिथे दोनशे माणसांची वाडी निकषातून सुटते, मग ती रस्त्यापासून कितीही आत असो. याउलट २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी, असा अंतराचा निकष धरला. मुलाच्या पायांनी मोजलेला हा निकष मला गेल्या काही दशकांतल्या सरकारी निकषांत सर्वांत न्याय्य वाटतो. त्याच्यामागे कायद्याचे बळही आहे. तरी २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे धोरण आले, तेव्हा चर्चा पुन्हा वीस मुलांच्या आकड्यावर येऊन थांबली.

पैशाचे स्वरूपही तितकेच महत्त्वाचे आहे. अंदाजपत्रकात भांडवली खर्चाला मान आहे, कारण त्यातून दिसणारी वस्तू तयार होते, तिचे भूमिपूजन करता येते आणि टक्केवारीत प्रगती दाखवता येते. दुर्गम भागात सेवा टिकते ती आवर्ती खर्चावर: परिचारिकेचा पगार, वाहनाचे डिझेल, हातपंपाची दुरुस्ती, पावसाळ्यानंतर खचलेल्या रस्त्याची डागडुजी. १९९५ पासून नवसंजीवनी योजनेत आदिवासी भागात भरारी पथकाचे डॉक्टर वाड्यावस्त्यांवर जाऊन तपासणी करतात. ही पद्धत अंतरावर नेमका उपाय शोधते, माणसाला दवाखान्यात यायला सांगण्याऐवजी दवाखाना माणसाकडे नेते. पण हे डॉक्टर मानधनावरचे. इमारत कायम आणि तिच्यातला माणूस तात्पुरता, अशी ही रचना आहे. इमारत बंद राहिली तरी मत्तेच्या नोंदीत तिची किंमत कमी होत नाही, आणि डॉक्टर मानधन थकल्याने निघून गेला तर त्या वर्षीचा खर्च उलट वाचलेला दिसतो.

या खर्चाला ऋतूचे वेळापत्रकही नडते. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. जिल्हा नियोजन समितीची मंजुरी, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा हे टप्पे ओलांडेपर्यंत पावसाळा येतो. घाटमाथ्याच्या पावसात ऑक्टोबरपर्यंत डांबर टाकता येत नाही. मग उरतात नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने, त्यातही निधी हप्त्याहप्त्याने वितरित होतो. मे अखेरपर्यंत काम चालू शकेल असे हवामान असते, पण ३१ मार्चला न खर्चलेला निधी परत जातो. पूर्वेकडच्या पाथर्डीत किंवा जामखेडमध्ये पावसाळ्यातही कामाचे कोरडे दिवस मिळतात, अकोल्याच्या पश्चिमेला ते मिळत नाहीत. दोघांनाही एकच दिनदर्शिका लावली की मार्चमध्ये घाईने केलेला रस्ता जूनमध्ये वाहून जातो, आणि पुढच्या वर्षी तोच रस्ता नव्याने मागावा लागतो. अतिपावसाच्या भागातल्या कामांचा निधी जूनपर्यंत वापरू देण्याला फार मोठा पैसा लागत नाही, वित्त विभागाच्या एका निर्णयाने ते जमेल.

या सगळ्यावर पहिला आक्षेप कार्यक्षमतेचा असतो. दोनशे माणसांच्या वाडीवर रस्ता, नळ, शाळा नेण्यापेक्षा त्याच पैशात खाली दोन हजारांची सोय होते, तेव्हा लोकांनाच खाली का आणू नये, असे विचारले जाते. हा युक्तिवाद कठोर वाटला तरी फेटाळून लावण्यासारखा नाही, पैसा मर्यादित असतो हे खरेच आहे. पण तो एक बाजू मोजतो. खाली आलेल्या कुटुंबाला जमीन कोण देणार, भाताची खाचरे आणि हिरडा सोडून ते जगणार कशावर, याचा खर्च त्यात धरलेला नसतो. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा अनुभव पाहता हा खर्च स्वस्त म्हणता येणार नाही. शिवाय कालव्याच्या पट्ट्याला पाणी देणारा पाणलोट राखायला त्या डोंगरात माणसे हवीतच. बांध घालणे, गाळ अडवणे, वणवा विझवणे ही कामे रिकाम्या डोंगरात होत नाहीत.

दुसरा आक्षेप करदात्याचा. सपाटीवरच्या कारखान्यांनी आणि शहरांनी भरलेला कर डोंगरात का जावा? याला महाराष्ट्राने स्वतःच उत्तर दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना वाढली आणि तिचा खर्च भागवण्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर लावला गेला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा हा कर खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी होता, आणि तेवढीच भर राज्य सरकार घालणार होते. याच रोजगार हमीच्या पैशातून हिवरे बाजारसारख्या चारशे मिलिमीटर पावसाच्या गावात पाणलोटाची कामे उभी राहिली, आणि ते गाव पाहायला देशभरातून लोक येतात. त्याहून जुने उदाहरण एसटीचे. १ जून १९४८ रोजी तिची पहिली गाडी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, आणि तेव्हापासून तोट्यातल्या घाटवाटेवरचा प्रवासी टप्प्यामागे जवळपास तेवढेच भाडे देत आला जेवढे फायद्याच्या मार्गावरचा देतो. साध्या पत्राच्या टपालाचा दर तर १८५४ पासून अंतरावर अवलंबून नाही. सार्वजनिक सेवेची किंमत वाटेच्या लांबीप्रमाणे नागरिकाने भरू नये, हे तत्त्व आपण पत्राला आणि गाडीला लावले, दवाखान्याला लावताना मात्र मागेपुढे पाहतो. आणि पाण्याची गोष्ट धरली तर ऋणको कोण, हा प्रश्न उलटाही विचारता येतो.

सर्वांत अवघड आक्षेप तिसरा आहे: दिलेला पैसाच जिथे नीट खर्च होत नाही, तिथे अधिक पैसा देऊन काय साधणार? निधी परत जातो, ठेकेदार काम अर्धवट सोडतात, उपयोगिता प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात. हे घडते, आणि त्याने सर्वांत अधिक नुकसान वाडीवरच्या माणसाचेच होते. पण त्यावर इलाज म्हणून पैसा रोखला तर शिक्षा त्यालाच दुसऱ्यांदा होते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुसरा मार्ग काढला. आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचा, आणि पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वन व वन्यजीव संवर्धन या चार बाबींवर तो कसा खर्च करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे. रक्कम लहान आहे आणि तिचे वाटपही लोकसंख्येवरच होते, म्हणून जुना दोष तिच्यातही आहे. तरी निर्णयाची जागा तिने बदलली. पाणी कुठून आणायचे आणि ते उन्हाळ्यात टिकते का, हे वाडीवरच्या बायकांना जेवढे ठाऊक असते तेवढे नगरच्या बैठकीत कोणालाच ठाऊक नसते. हा वाटा वाढवायचा तर त्याच्याबरोबर अंतराचा हिशेबही प्रसिद्ध व्हायला हवा. प्रत्येक वाडीपासून रस्ता, दवाखाना, शाळा आणि बारमाही पाणी किती मिनिटांच्या पायी वाटेवर आहे, पावसाळ्यात किती आणि उन्हाळ्यात किती, हे राजूरच्या प्रकल्प कार्यालयाने दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावे. ही माहिती गोळा करायला आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक गावात आहेतच. मार्चअखेर खर्चाची टक्केवारी छापली जाते, त्याच पानावर या मिनिटांचा रकाना छापावा, आणि पुढच्या वर्षीचा निधी त्या रकान्याकडे पाहून मागावा.